ऐक्य आणि प्रायश्चित्त : ‘अटोनमेंट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थेतिहास

इंग्रजी भाषेतील ख्रिस्ती धर्मविषयक संज्ञांकडे पाहिले असता त्यांपैकी बहुतेक लॅटिन किंवा ग्रीक भाषांतून आलेल्या आहेत असे दिसून येते. ‘रिडेम्प्शन’, ‘साल्व्हेशन’, ‘सॅक्रिफाइस’, ‘जस्टिफिकेशन’ हे शब्द लॅटिनमधून, बहुधा फ्रेंचच्या वाटेने आले. ‘बॅप्टिझम’ हा ग्रीकमधून आला. या पंक्तीत बसणारा, परंतु कुळाने वेगळा असा एक शब्द म्हणजे ‘अटोनमेंट’ होय. त्याची घडण इंग्लंडमध्येच, दैनंदिन बोलण्यातील एका साध्या वाक्प्रचारापासून झाली. आज त्याचा अर्थ केलेल्या अपराधाची भरपाई, परिमार्जन किंवा प्रायश्चित्त असा होतो. त्याचा मूळ अर्थ मात्र ‘एक असणे’ किंवा ‘एक होणे’ एवढाच होता. भरपाईची कल्पना त्यात नव्हती, अपराधाचीही नव्हती.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे तत्त्व भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. तरीही या शब्दाच्या बाबतीत त्याचा विसर वारंवार पडत आला. शब्दाचे तीन तुकडे करून दाखवावेत आणि त्यांवरून ख्रिस्ती तत्त्वज्ञानातील एका बिकट प्रश्नाचा निकाल लावावा, ही पद्धत इंग्रजी धर्मप्रवचनांत रूढ आहे. उलटपक्षी, शब्दाचा आजचा अर्थ गृहीत धरून सोळाव्या शतकातील वाक्ये वाचणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही पक्षांची चूक एकाच जातीची आहे : शब्दाला इतिहास असतो ही गोष्ट दोघेही दृष्टिआड करतात. म्हणून हा अर्थपालट केव्हा, कोणत्या कारणाने व कोणत्या मार्गाने झाला, हे पाहणे अगत्याचे ठरते.

१. शब्दाची घडण

मध्ययुगीन इंग्रजीत ‘ॲट’ हे शब्दयोगी अव्यय आणि ‘एक’ या अर्थाचा संख्यावाचक शब्द यांचा मिळून एक वाक्प्रचार रूढ होता. भांडणारे दोघेजण ‘ॲट वन’ झाले म्हणजे त्यांचे जुळले, त्यांच्यात एकोपा झाला. मध्यस्थाने त्यांना ‘ॲट वन’ केले म्हणजे त्यांचा समेट घडवून आणला. लॅटिनमध्ये ‘उनुस’ म्हणजे एक या शब्दापासून ‘अदुनारे’ म्हणजे एकत्र करणे हे क्रियापद झाले आहे. इंग्रजी वाक्प्रचारावर त्याची छाया असावी, असा तर्क केला जातो. याच संख्यावाचकाला ‘मेंट’ हा प्रत्यय लावून ‘ओनमेंट’ असे भाववाचक नामही चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या परंपरेतील लेखनात आढळते. पुढे ‘ॲट’ आणि ‘ओनमेंट’ यांचा सांधा जुळून ‘अटोनमेंट’ हा अखंड शब्द तयार झाला.

हा शब्द रूपाने संकरज आहे. त्याचा गाभा अस्सल जर्मानिक आणि प्रत्यय लॅटिन-फ्रेंच वंशाचा आहे. ‘मेंट’ हा प्रत्यय प्रथम फ्रेंच शब्दांबरोबर इंग्रजीत आला; नंतर तो देशी धातूंनाही लागू लागला. ‘फुलफिलमेंट’ किंवा ‘सेटलमेंट’ हे शब्द त्याची साक्ष देतात. परंतु एका शब्दयोगी अव्ययासह अख्ख्या वाक्प्रचाराला प्रत्यय लागून नाम व्हावे, हा प्रकार विरळाच. ‘अटोन’ हे क्रियापद नामापूर्वीचे असावे असे सकृद्दर्शनी वाटते. उपलब्ध पुरावा मात्र नाम आधीचे व क्रियापद नंतरचे असेच सांगतो.

हा शब्द विल्यम टिंडल याने बायबलच्या भाषांतरासाठी नव्याने बनवला, असे विधान अनेक ठिकाणी केलेले आढळते. ते टिकत नाही. सर टॉमस मोर याच्या तिसऱ्या रिचर्डविषयीच्या इतिहासग्रंथात हा शब्द आला आहे. या ग्रंथाची शुद्ध प्रत मोरच्या मृत्यूनंतर, १५५७ मध्ये, त्याचा भाचा विल्यम रॅस्टेल याने छापली. लेखनाचा काळ मात्र त्याने १५१३ च्या सुमाराचा दिला आहे. म्हणजे छापील पुस्तकांच्या तारखा पाहिल्यास टिंडल आधी येतो आणि लेखनाच्या तारखा पाहिल्यास मोर. मोरच्या वाक्याचा प्रसंगही ध्यानात घेण्याजोगा आहे. १४८३ मध्ये चौथा एडवर्ड मरणशय्येवर असताना त्याने परस्परांचे वैरी असलेल्या सरदारांचे हात एकमेकांच्या हाती देवविले होते. त्या ताज्या दिलजमाईपेक्षा जुन्या वैराचीच आठवण लोक अधिक ठेवतील, अशी भीती पुढे व्यक्त केली जाते. त्या ठिकाणी ‘दिलजमाई’ या अर्थी हा शब्द आला आहे. येथे देव नाही, पाप नाही, बळी नाही. दरबारातील दोन पक्षांचा समेट, एवढाच अर्थ आहे.

२. ध्वनिपरिवर्तन आणि लपलेले मूळ

आजच्या इंग्रजी भाषिकाला ‘अटोन’ या शब्दात ‘वन’ ऐकू येत नाही. याचे कारण ध्वनींच्या इतिहासात आहे. प्राचीन इंग्रजीत ‘एक’ या अर्थाचा शब्द ‘आन’ असा होता. मध्ययुगीन इंग्रजीत दीर्घ आकाराचा ओकार झाला आणि ‘आन’चे ‘ओन’ झाले. या ओकाराचे नियमित रूप ‘अलोन’, ‘ओन्ली’ आणि ‘अटोन’ या शब्दांत आजही टिकून आहे. हे तिन्ही शब्द ‘एक’ याच अर्थाच्या मुळापासून निघालेले आहेत. स्वतंत्र संख्यावाचक मात्र निराळ्या वाटेने गेला. इंग्लंडच्या पश्चिम व नैर्ऋत्य भागांतील बोलींत त्याच्या आरंभी वकार येऊ लागला, आणि कालांतराने, अठराव्या शतकाच्या सुमारास, हा ‘वन’ असा उच्चार सर्वत्र मान्य झाला. संयुक्त शब्दांतील ‘ओन’ जागच्या जागी राहिला. मूळ शब्द तेवढा बदलला.

योगायोग असा की, या वकारयुक्त उच्चाराचा एक पुरावा टिंडलच्याच लेखनात मिळतो. तो ग्लॉस्टरशायरचा, म्हणजे पश्चिमेचा रहिवासी. त्याच्या भाषांतरात हा संख्यावाचक आरंभीच्या वकाराने लिहिलेला आढळतो. ज्या लेखकाने ‘अटोनमेंट’ हा शब्द घरोघरी पोहोचवला, त्याच्याच बोलीत त्या शब्दाचे मूळ झाकून टाकणारा उच्चार वाढत होता. व्युत्पत्ती कानाला जाणवेनाशी झाली की अर्थाला बांधून ठेवणारा एक दोर तुटतो. या शब्दाचा अर्थपालट कशामुळे झाला, याचे उत्तर एवढ्याने मिळत नाही. तो इतक्या निर्वेधपणे का झाला, याचे मात्र मिळते.

येथे एक दूरचे नातेही नोंदवता येईल. लॅटिन ‘उनुस’ आणि इंग्रजी ‘वन’ ज्या आदिम इंडो-युरोपीय मुळापासून आले, त्याच मुळाला वेगळा प्रत्यय लागून संस्कृत ‘एक’ सिद्ध झाला. त्यामुळे ‘अटोनमेंट’चा गाभा आणि मराठीतील ‘एकी’ व ‘एकोपा’ यांचा आद्य अंश हे मुळात एकच आहेत.

३. एक शब्द, दोन मूळ कल्पना

टिंडलने १५२६ मध्ये वर्म्स येथे नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर छापले आणि १५३० मध्ये मोशेच्या पाच पुस्तकांचे. पहिले ग्रीकवरून, दुसरे हिब्रूवरून केलेले होते. दोन्हीकडे त्याने ‘अटोनमेंट’ हा शब्द योजिला. परंतु ज्या मूळ शब्दांसाठी योजिला ते एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

नव्या करारात, पौलाच्या रोमकरांस व करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत, त्याच्यासमोर ‘कतल्लगे’ हा ग्रीक शब्द होता. त्याचा धातू ‘बदलणे, अदलाबदल करणे’ या अर्थाचा आहे. नाण्यांची अदलाबदल आणि मग शत्रुत्वाच्या जागी मैत्री, असा त्याचा विस्तार झाला. हा शब्द यज्ञकर्मातील नव्हे, मानवी संबंधांतील आहे. टिंडलने तो नेमका याच अर्थाने घेतला होता, हे त्याच्या शेजारच्या शब्दांवरून सिद्ध होते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात देवाने जगाशी काय केले हे सांगताना तो ‘अग्रीमेंट’ हा शब्द वापरतो, आणि त्याच वाक्यात पुढे त्या संदेशाला ‘अटोनमेंट’ म्हणतो. दोन्ही शब्द त्याच्या लेखी समानार्थी आहेत.

जुन्या करारात, विशेषतः लेवीय या पुस्तकात, त्याच्यासमोर ‘किप्पेर’ हे हिब्रू क्रियापद होते. हे यज्ञविधीचे क्रियापद आहे. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी प्रमुख याजकाने पवित्रस्थानी रक्त शिंपडून जे साधायचे, ते या क्रियापदाने सांगितले जाते. ‘योम किप्पूर’ हे त्या दिवसाचे नाव त्यावरूनच पडले. अरबीतील सजातीय धातू पाहून काहींनी त्याचा अर्थ ‘झाकणे’ असा लावला. अक्कादियन भाषेतील ‘कुप्पुरू’ म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे हा शब्द पाहून इतरांनी ‘पुसून काढणे’ असा लावला. अलीकडच्या काळात दुसऱ्या मताला बळकटी आली असून, जेकब मिलग्रोम याने लेवीय पुस्तकावरील आपल्या १९९१ च्या भाष्यखंडात शुद्धीकरण हाच अर्थ प्रधान मानला आहे. शिवाय ‘कोफेर’ म्हणजे खंडणी किंवा मोबदला हा शब्दही याच परिवारातील आहे. झाकणे, पुसणे, मोबदला देणे, यांपैकी कोणताही अर्थ घेतला तरी ‘एक होणे’ हा त्यात नाही.

मग टिंडलने दोन्ही ठिकाणी एकच शब्द का घातला? याला पूर्वोदाहरण होते. ल्यूथरने आपल्या जर्मन भाषांतरात लेवीय पुस्तकातील विधीसाठी आणि पौलाच्या ‘कतल्लगे’साठी एकाच धातूचे शब्द वापरले होते, आणि टिंडलला ल्यूथरचे भाषांतर चांगले परिचित होते. त्यामागे धर्मशास्त्रीय दृष्टीही होती. जुन्या करारातील यज्ञ ही येणाऱ्या ख्रिस्ताच्या मरणाची छाया होय, ही धारणा असल्यावर छायेला व वस्तूला एकच नाव द्यावे हे स्वाभाविक होते.

त्या काळी शब्दांची निवड ही विद्वानांची करमणूक नव्हती. १५२९ मध्ये मोरने टिंडलच्या भाषांतरावर प्रखर हल्ला चढवला तो प्रामुख्याने शब्दांवरूनच. ‘चर्च’ऐवजी मंडळी, ‘प्रीस्ट’ऐवजी वडील मनुष्य, ‘चॅरिटी’ऐवजी प्रेम, आणि ‘प्रायश्चित्त करा’ऐवजी ‘पश्चात्ताप करा’ अशा अर्थांचे शब्द टिंडलने घातले होते. त्यांनी धर्मसंस्थेची सत्ता व तिचे संस्कार यांचा आधारच काढून घेतला जातो, असे मोरचे म्हणणे होते. टिंडलने १५३१ मध्ये त्याला उत्तर दिले. मोरच्या आक्षेपांतील या प्रमुख शब्दांत ‘अटोनमेंट’ नव्हता. जो शब्द त्याने स्वतः सरदारांच्या दिलजमाईसाठी वापरला होता, त्यावर आक्षेप घेण्याचे कारणही नव्हते. मोरचा शिरच्छेद १५३५ मध्ये झाला. टिंडलला १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळच्या व्हिल्व्होर्डे येथे गळा आवळून मारण्यात आले व त्याचा देह जाळण्यात आला. समेटवाचक एका शब्दाचे हे दोन आद्य प्रयोक्ते एकमेकांशी समेट न करताच गेले.

४. अर्थपालटाचा मार्ग

१६११ च्या अधिकृत इंग्रजी भाषांतरात एक महत्त्वाची निवड झाली. ‘कतल्लगे’साठी बहुतेक ठिकाणी ‘रिकन्सिलिएशन’ हा लॅटिन वंशाचा शब्द आला. ‘अटोनमेंट’ हा नव्या करारात रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात एकदाच उरला. जुन्या करारात मात्र तो पदोपदी राहिला. परिणामी सामान्य वाचकाच्या कानी हा शब्द पडे तो वेदी, बोकड, रक्त आणि पाप यांच्या संगतीत. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ठरतो. पिढ्यान्‌पिढ्या यज्ञप्रकरणी ऐकलेला शब्द यज्ञाचाच अर्थ धारण करू लागला, यात नवल नाही. साध्याचे नाव साधनाला मिळाले : समेटाचा वाचक असलेला शब्द, समेटासाठी जी किंमत मोजावी लागते तिचा वाचक झाला.

हा पालट वाक्यरचनेतही स्वच्छ दिसतो. शेक्सपिअरच्या काळी ‘अटोन’ हे सकर्मक क्रियापद असून त्याचे कर्म माणसे असत. ‘ऑथेल्लो’ नाटकात डेस्डिमोना आपला पती आणि कॅसिओ यांच्यात सलोखा घडवून आणण्याची इच्छा बोलून दाखवते, तेथे हेच क्रियापद आहे. ‘दुसरा रिचर्ड’ नाटकात राजाला बोलिंगब्रोक व मोब्रे यांचे भांडण मिटवता येत नाही, तेथेही तेच आहे. दोन्ही ठिकाणी कर्ता हा मध्यस्थ आहे आणि कर्म म्हणजे परस्परांचे दोन विरोधी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचना बदलते. क्रियापद अकर्मक होते, त्याच्यापुढे ‘फॉर’ हे अव्यय येते आणि त्या अव्ययाचा विषय माणूस नसून अपराध असतो. कर्ताही बदलतो : मध्यस्थाची जागा अपराधी घेतो. पूर्वीच्या वाक्यात तीन माणसे होती. नव्या वाक्यात एक माणूस आणि त्याची चूक एवढेच उरतात. ज्याच्यावर अन्याय झाला तो व्याकरणातूनच बाहेर पडतो. या शब्दाच्या इतिहासातील खरी हानी हीच होय.

पुढील भाषांतरांनी या पालटावर शिक्कामोर्तब केले. १८८१ मध्ये सुधारित इंग्रजी नवा करार प्रसिद्ध झाला तेव्हा रोमकरांस पत्रातील ‘अटोनमेंट’ काढून तेथेही ‘रिकन्सिलिएशन’ घालण्यात आला. टिंडलचा शब्द चुकीचा नव्हता. मधल्या साडेतीनशे वर्षांत त्याचा अर्थच पालटला होता. उलट, १९७८ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झालेल्या ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्जन’मध्ये हा शब्द त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आला, पण ‘हिलास्तेरिऑन’ या यज्ञवाचक ग्रीक शब्दाच्या भाषांतरात, ‘सॅक्रिफाइस’ या शब्दाच्या जोडीने. एकाच पत्रात एका दाराने गेलेला शब्द दुसऱ्या दाराने आत आला. जाताना तो समेटाचा होता, येताना बळीचा.

जर्मन भाषेने याच अडचणीतून निराळी वाट काढली. मूळ एकाच धातूपासून तेथे दोन शब्द स्थिरावले : ‘झ्यूने’ म्हणजे अपराधाचे परिमार्जन आणि ‘फेरझ्योनुंग’ म्हणजे समेट. १९५८ मध्ये लोथार क्रायसिग याच्या आवाहनावरून, नाझी राजवटीत जर्मनांनी ज्यांच्यावर अत्याचार केले त्या लोकांत जाऊन सेवा करणारी एक संघटना स्थापन झाली. तिच्या जर्मन नावात पहिला शब्द आहे. परिमार्जनाची खूण, असा त्या नावाचा आशय आहे. त्याच संघटनेच्या इंग्रजी नावात मात्र ‘रिकन्सिलिएशन’ हा शब्द आहे. अपराध्याने परिमार्जन करावयाचे, समेट करावयाचा की नाही हे दुसऱ्या पक्षाने ठरवावयाचे, हा जर्मन नावातून सूचित होणारा भेद इंग्रजी नावात पुसला जातो.

५. मराठीतील प्रतिशब्द

मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात लेवीय पुस्तकातील विधीला ‘प्रायश्चित्त’ आणि पौलाच्या ‘कतल्लगे’ला ‘समेट’ असे दोन शब्द आहेत. टिंडलने जे एकत्र केले ते मराठीत वेगळे राहिले, आणि मूळ भाषांच्या दृष्टीने ते अधिक अचूक आहे. परिमार्जन या शब्दातील ‘मृज्’ धातू तर पुसण्याच्याच अर्थाचा असल्याने तो अक्कादियन ‘कुप्पुरू’शी अर्थाने तंतोतंत जुळतो. कोकणातील बेने इस्राएल समाजाने योम किप्पूरला ‘दारफळणीचा सण’ हे नाव दिले होते. दारे लावून घरात राहण्याचा त्या दिवशीचा आचार त्या नावात आला आहे. झाकणे, पुसणे वा जुळणे यांपैकी कोणत्याच कल्पनेची त्याला गरज पडली नाही.

तथापि ‘प्रायश्चित्त’ हा शब्द केवळ अपराध्यापुरता आहे असे मानणेही बरोबर होणार नाही. परंपरेने ‘प्राय’ म्हणजे तप व ‘चित्त’ म्हणजे निश्चय अशी त्याची फोड केली आहे, आणि त्या फोडीत दुसऱ्या पक्षाला स्थान नाही हे खरे. परंतु याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात प्रायश्चित्ताची दोन फळे वेगळी केलेली आढळतात. नकळत घडलेले पाप त्याने दूर होते. जाणूनबुजून केलेल्या पापाच्या बाबतीत मात्र कर्ता ‘व्यवहार्य’ होतो, म्हणजे समाजाने त्याच्याशी पुन्हा व्यवहार ठेवण्यास तो पात्र ठरतो. पापाचा क्षय आणि समाजाशी पुन्हा एक होणे या दोन गोष्टी येथे स्वच्छ निराळ्या ओळखल्या आहेत. पुण्यातील १८९० च्या पंचहौद मिशन चहा प्रकरणात वाद पेटला तो या दुसऱ्या फळावरूनच. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. चहा पिणे हे पाप आहे असे त्यांचे मत झाले होते म्हणून नव्हे, तर आप्तेष्टांशी व समाजाशी तुटलेला व्यवहार पुन्हा जुळावा म्हणून. त्यांच्या सुधारक सहकाऱ्यांना त्याचा विषाद वाटला, कारण त्यांनी पहिल्या फळाकडे पाहिले.

६. समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. ‘अटोनमेंट’ हा शब्द टिंडलने बनवला नाही. त्याने तो रूढ केला. ‘एक होणे’ ही त्याची व्युत्पत्ती लोकव्युत्पत्ती नसून शास्त्रशुद्ध आहे. तथापि तीवरून आजच्या शब्दाचा अर्थ काढता येत नाही, कारण हिब्रू यज्ञविधीच्या सहवासाने आणि ध्वनिपरिवर्तनाच्या साह्याने तो अर्थ सतराव्या शतकातच पालटला आहे.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष अर्थविचाराचा आहे. भरपाई आणि समेट ही एका क्रियेची दोन नावे नव्हेत. मिश्नातील ‘योमा’ या प्रकरणाने हा भेद सुमारे अठराशे वर्षांपूर्वी सांगून ठेवला आहे : देवाविरुद्धच्या पापांचे क्षालन त्या पवित्र दिवसाने होते, शेजाऱ्याविरुद्धच्या पापांचे मात्र शेजाऱ्याची समजूत काढल्याविना होत नाही. इंग्रजीने दोन्ही कल्पना एका शब्दात भरल्या आणि त्यांतील एक हळूहळू गमावली. मराठीने दोन शब्द राखले; परंतु त्यामुळे, पहिल्याचे सार्थक दुसऱ्यात आहे, ही गोष्ट वाचकाला स्वतःच जोडून घ्यावी लागते. भाषांतरकाराला या दोन उणिवांपैकी एक पत्करावीच लागते. आपण कोणती पत्करली आहे याची जाणीव त्याने ठेवावी, एवढी अपेक्षा शब्दाच्या इतिहासावरून करता येते.